सर्व्हर बदलताना परमिशन कुठे हरवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतली एक फाउंड्री. ऑफिसात अठरा जण, डोमेन (सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायची रचना) नाही, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती वेगळी. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चं जुनं मशीन काढून २०२२ चं नवं बसवायचं आहे. डेटा सव्वा टेराबाइटच्या आसपास: अकाउंट्स, ड्रॉइंग, क्वालिटी, डिस्पॅच आणि पगार. प्रश्नकर्त्यानी आधी एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून टाकले, तर पगाराचं फोल्डर सगळ्यांना उघडायला लागलं. मग रोबोकॉपीला (विंडोजची कॉपीची कमांड) ‘कॉपीऑल’ लावून पुन्हा कॉपी केली. या वेळी त्यांना स्वतःला सगळं दिसतंय, पण स्टाफमधलं कुणीच आत जाऊ शकत नाही आणि सिक्युरिटी टॅबमध्ये नावांच्या जागी लांबलचक आकडे आहेत. विचारलंय ते असं: रोबोकॉपीत नेमका कोणता स्विच (कमांडपुढे लावायचा पर्याय) राहिला?

स्विच कोणताच राहिलेला नाही. दुसऱ्या वेळी रोबोकॉपीने सांगितलेलं काम चोख केलंय. परमिशन आल्या आहेत, फक्त त्या ज्यांच्या नावाने आहेत ती माणसं नव्या सर्व्हरवर अस्तित्वात नाहीत. आमच्या भागातल्या बहुतेक ऑफिसांत सर्व्हर बदलताना घोळ होतो तो इथेच. सगळं लक्ष कॉपीच्या कमांडवर असतं, आणि ‘या परमिशन कुणाच्या आहेत’ हे कॉपी झाल्यावर आठवतं. क्रम उलटा करा, बाकी काम सोपं आहे.

पहिल्या प्रयत्नात काय झालं ते आधी बघू. एक्सप्लोररमधून एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की विंडोजच्या दृष्टीने ती नवीन फाईल असते. नवीन फाईल ज्या फोल्डरात जन्मते त्याच्या परमिशन घेते. जुन्या फाईलवर काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. नव्या सर्व्हरवर ई ड्राइव्ह फॉरमॅट केलात तेव्हा विंडोजने त्याच्या मुळाशी ‘युजर्स’ ग्रुपला वाचायचा हक्क आपणहून देऊन ठेवला होता. पगाराचं फोल्डर त्याच्याखाली आलं आणि तो हक्क घेऊन बसलं. म्हणून कॉपीचा एक बाइटही हलवण्याआधी ई ड्राइव्हवर ‘डेटा’ फोल्डर करा, त्याचं इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परमिशन) तोडा, आणि तिथे फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम एवढेच ठेवा. पुढे काहीही चुकलं तरी दार बंद अवस्थेत चुकेल.

दुसऱ्या प्रयत्नात जे झालं त्याचं कारण एसआयडी, म्हणजे प्रत्येक युजरचा आणि ग्रुपचा ओळख क्रमांक. विंडोज परमिशनमध्ये नाव लिहितच नाही. तिथे एक आकडा असतो, एस-१-५-२१ ने सुरू होणारा, त्यापुढे त्या मशीनची ओळख सांगणारे तीन मोठे आकडे आणि शेवटी त्या युजरचा क्रमांक. टॅबमध्ये दिसणारं नाव विंडोज त्या क्षणी शोधून दाखवतं. एकाच गल्लीत दोन प्रकाश पाटील असले तरी बँक पैसे खाते नंबर बघूनच टाकते, तसं हे. जुन्या सर्व्हरवरचा ‘एसपाटील’ आणि नव्यावर तुम्ही त्याच नावाने, त्याच पासवर्डने बनवलेला ‘एसपाटील’ यांचे नंबर वेगळे. नव्या सर्व्हरला जुना नंबर ओळखता येत नाही, म्हणून तो आकडाच दाखवतो.

मग तुम्हाला सगळं कसं दिसलं? काही एसआयडी प्रत्येक विंडोजवर सारखेच असतात. ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपचा एस-१-५-३२-५४४, सिस्टिमचा एस-१-५-१८, एव्हरीवनचा एस-१-१-०. ते नव्या मशीनवर जसेच्या तसे लागू पडले. ॲडमिन म्हणून तपासणारा माणूस या सापळ्यात हमखास सापडतो: त्याच्यापुरतं सगळं बरोबर असतं.

इथे एक खुबीची गोष्ट आहे, फारशी कुणी बघत नाही. नवं मशीन जर जुन्याच डिस्कची इमेज टाकून बनवलेलं असेल आणि सिसप्रेप (मशीनला नवी ओळख देणारं विंडोजचं साधन) केलेलं नसेल, तर दोन्ही मशीनची ओळख एकच असते. अशा वेळी लांब आकडे दिसत नाहीत, नावं दिसतात, आणि सगळं छान वाटतं. पण जुन्यावरचा १००५ क्रमांक अकाउंट्सच्या माणसाचा असेल आणि इमेज घेतल्यानंतर नव्यावर १००५ डिस्पॅचच्या माणसाला गेला असेल, तर अकाउंट्सचं फोल्डर बिनबोभाट डिस्पॅचला उघडेल. तुमच्याकडे आकडे दिसतायत, म्हणजे हा धोका नाही. इतर कुणी हे वाचत असेल तर आधी दोन्ही मशीनचे एसआयडी शेजारी ठेवून बघावेत.

आता कामाला लागू. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

जुन्या सर्व्हरवर युजर आणि त्यांचे एसआयडी यांची यादी काढा. २०१२ आर२ वर ‘डब्ल्यूएमआयसी युजरअकाउंट गेट नेम,एसआयडी’ एवढं पुरतं. लोकल ग्रुपसाठी ‘युजरअकाउंट’ च्या जागी ‘ग्रुप’. नव्यावर पॉवरशेलमध्ये ‘गेट-लोकलयुजर | सिलेक्ट नेम,एसआयडी’ आणि तसंच ‘गेट-लोकलग्रुप’. यादी एक्सेलमध्ये घ्या: डावीकडे जुना एसआयडी, मध्ये माणूस, उजवीकडे नवा. मधल्या रकान्यापुढे ‘आज कामावर आहे का’ असा आणखी एक रकाना ठेवा. जुन्या सर्व्हरवर सोडून गेलेल्यांची खाती हमखास सापडतात, आणि त्यातली दोनतीन तरी चालू असतात. कुणीतरी नोकरी सोडताना आपलं खातं शेजारच्या माणसाला ‘वापर’ म्हणून देऊन गेलेलं असतं. ही साफसफाई आत्ताच होते, नंतर कधी होत नाही.

मग जुन्या सर्व्हरवरच्या परमिशन विंडोजच्याच ‘आयकॅकल्स’ कमांडने एका फाईलीत उतरवून घ्या:

आयकॅकल्स डी:\डेटा /सेव्ह सी:\लॉग\परमिशन.टीएक्सटी /टी /सी

ही फाईल उघडून बघण्यासारखी असते. एका ओळीत पथ आणि खालच्या ओळीत त्याची परमिशन सांकेतिक अक्षरांत. बीए म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर्स, एसवाय म्हणजे सिस्टिम, डब्ल्यूडी म्हणजे एव्हरीवन, आणि तुमचे युजर मात्र पूर्ण आकड्यांत. बघा, पण नोटपॅडमधून बदलून सेव्ह करू नका. फाईल युनिकोडमध्ये असते, एन्कोडिंग हललं की परत घेताना आयकॅकल्स ती नाकारतं. कमांड संपल्यावर शेवटी किती फाईली झाल्या आणि किती फेल झाल्या हे छापून येतं. ‘/सी’ मुळे चूक आली तरी काम पुढे जातं, म्हणून तो फेलचा आकडा वाचायलाच हवा. मालकांनी पगाराच्या फोल्डरमधून कधीकाळी ॲडमिनलाही काढून टाकलेलं असतं, आणि फेल होतात त्या नेमक्या त्याच फाईली. तिथे मालकांना विचारून आधी ॲडमिनिस्ट्रेटर्सचा हक्क परत घालून घ्या. न विचारता मालकी हिसकावून घेऊ नका. तांत्रिकदृष्ट्या चालतं, माणसांत चालत नाही.

या फाईलीत फक्त कोणाला काय हक्क एवढंच येतं. फाईलचा मालक कोण आणि ऑडिटिंगच्या नोंदी येत नाहीत. अठरा जणांच्या ऑफिसात त्याने बिघडत नाही. मालक नंतर एकदाच ‘/सेटओनर’ ने ॲडमिनिस्ट्रेटर्स करून टाका.

नव्या सर्व्हरवर आता ग्रुप बनवा. माणसागणिक परमिशन ही या सगळ्या दुखण्याची मुळी आहे. ‘अकाउंट्स’, ‘ड्रॉइंग’, ‘क्वालिटी’, ‘पगार’ असे ग्रुप करा आणि माणसं त्यांत घाला. गंमत अशी की आयकॅकल्सला परमिशन परत घालताना ‘या जुन्या नंबरच्या जागी हा नवा’ असं सांगता येतं, आणि दोन जुन्या नंबरांना एकच नवा ग्रुप देता येतो. म्हणजे अकाउंट्समधले दोघे पाटील आणि एक देसाई यांच्या तीन वेगळ्या नोंदी जाऊन एक ग्रुप बसतो. मात्र तिघांना सारखेच हक्क होते का ते आधी बघा. एकाला फक्त वाचायचं होतं आणि दुसऱ्याला बदलायचंही, तर ग्रुपमध्ये दोघांनाही बदलायचा हक्क मिळेल. कुठे ‘डिनाय’ची नोंद असेल तर तिला ग्रुप अजिबात लावू नका, एकाला घातलेली बंदी सगळ्यांवर पडेल.

यानंतर कॉपी. नव्या सर्व्हरवर बसून जुन्याकडून ओढून घ्यायची. वर्कग्रुपमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या साध्या ॲडमिन खात्याचे अधिकार यूएसी (ॲडमिन अधिकारांवरचं विंडोजचं नियंत्रण) कापून टाकतं, म्हणून जुन्या मशीनचं मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हेच खातं वापरून ‘नेट यूज’ ने डी$ शेअर (पूर्ण डी ड्राइव्हचा छुपा ॲडमिन शेअर) जोडा. त्या खात्याला ही काटछाट डीफॉल्टने लागत नाही. कमांड प्रॉम्प्टही ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडा.

रोबोकॉपी \\जुना\डी$\डेटा ई:\डेटा /एमआयआर /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /एमटी:१६ /एनपी /युनिलॉग:सी:\लॉग\फेरी१.टीएक्सटी

‘कॉपीऑल’ इथे मुद्दाम नाही. कॉपीऑल म्हणजे डीएटीएसओयू: डेटा, ॲट्रिब्यूट, वेळ, परमिशन, मालक आणि ऑडिट. तुमच्या बाबतीत जुन्या परमिशन नव्यावर नेऊन उपयोग नाही, त्या आपण वेगळ्या वाटेने बदलून नेतोय. एकच डोमेन असतं तर मी डीएटीएसओ दिलं असतं आणि हे उत्तर एका पानात संपलं असतं. कॉपीऑलमधला ‘यू’ ऑडिटचा हक्क मागतो आणि तो नसला की ‘मॅनेज ऑडिटिंग युजर राइट’ नाही म्हणून रोबोकॉपी सुरुवातच करत नाही. पुष्कळ जण तिथेच तासभर घालवतात.

‘/बी’ म्हणजे बॅकअप मोड. ज्या फोल्डरात ॲडमिनलाही प्रवेश नाही तिथूनही डेटा उचलता येतो. ‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ विसरू नका. दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेल्या फाईलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबून. हिशोब केलात तर एका लॉक झालेल्या फाईलीसाठी जवळपास ३४७ दिवस. संध्याकाळी कॉपी लावून घरी गेलेल्या माणसाला सकाळी आकडा जागच्या जागी दिसतो तो यामुळे. ‘/एक्सजे’ जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात) शिरून गोल गोल फिरणं टाळतं. ‘/डीकॉपी’ मुळे फोल्डरांच्या तारखा टिकतात. ड्रॉइंगवाल्यांना त्या फार लागतात, कारण कुठलं रिव्हिजन कधीचं हे ते तारखेवरूनच ओळखतात, फाईलच्या नावात कुणी लिहीत नाही.

‘/एमआयआर’ बद्दल मात्र कान देऊन ऐका. आरसा म्हणजे आरसा: स्रोतात नाही ते गंतव्यातून पुसलं जातं. दोन्ही पथ उलटे दिले तर जुन्या सर्व्हरवरचा डेटा रिकाम्या फोल्डरशी ‘जुळवला’ जाईल. पहिल्यांदा नेहमी शेवटी ‘/एल’ लावून चालवा. ते काहीही हलवत नाही, काय केलं असतं याची यादी देतं. यादीत ‘एक्स्ट्रा फाईल’ची रांग दिसली तर हात थांबवा. आणि लोक नव्या सर्व्हरवर काम करू लागले की ही कमांड पुन्हा चालवायची नाही, ती असलेली बॅच फाईलच डिलीट करा.

संपूर्ण ड्राइव्हच स्रोत म्हणून देणाऱ्यांसाठी: डी:\ च्या मुळावर हिडन आणि सिस्टिम हे ॲट्रिब्यूट असतात, ते गंतव्य फोल्डरला चिकटतात आणि कॉपी झालेलं फोल्डर ‘गायब’ होतं. ‘/ए-:एसएच’ लावलं की हे होत नाही.

रोबोकॉपी संपल्यावर १ किंवा ३ कोड परत देतं आणि टास्क शेड्युलर ते काहीतरी बिघडल्यासारखं दाखवतो. १ म्हणजे फाईली कॉपी झाल्या, २ म्हणजे गंतव्यात जास्तीच्या फाईली होत्या, ३ म्हणजे दोन्ही. काळजी ८ पासून पुढे.

‘/युनिलॉग’ चं कारण आपल्याकडे जास्त लागू पडतं. बेळगावच्या ऑफिसात एकाच फोल्डरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावांच्या फाईली असतात: ग्राहकाची पत्रं मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, ड्रॉइंग इंग्रजीत. साध्या लॉगमध्ये ही नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतात आणि कोणती फाईल राहिली ते कळत नाही. एनटीएफएसला (विंडोजची फाईल सिस्टिम) ही नावं पूर्ण पचतात. अडचण येते ती सर्व्हरऐवजी लिनक्सवर चालणारा एनएएस (नेटवर्कला जोडायची डेटा साठवणारी पेटी) घेणाऱ्यांना. चिकोडी-निपाणीकडच्या लहान ऑफिसांत आता तोच कल आहे. तिथल्या ईएक्सटी४ फाईल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं काय, कन्नडचं काय, प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. ‘संचालक मंडळाच्या मासिक सभेचे इतिवृत्त व त्यावरील मा. अध्यक्षांचे अभिप्राय अंतिम दुरुस्त स्वाक्षरी केलेली प्रत’ असं नाव विंडोजवर सुखाने नांदत होतं, एनएएसवर ते जात नाही. अशी नावं आधी शोधून लहान करा.

एनएएसवर परमिशनचंही गणित वेगळं. लिनक्सकडून लिनक्सकडे जाताना ‘आरसिंक’ या कॉपीच्या कमांडला नुसतं ‘-ए’ दिलं तर मालक, ग्रुप आणि साधे मोड येतात, पण एसीएल (माणसागणिक हक्कांची यादी) आणि विस्तारित ॲट्रिब्यूट येत नाहीत. त्यासाठी मोठा ‘ए’ आणि मोठा ‘एक्स’ लागतो. सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाईली देणारा प्रोग्रॅम) बऱ्याचदा विंडोजच्या परमिशन विस्तारित ॲट्रिब्यूटमध्येच ठेवतं आणि त्या फक्त रूटला (लिनक्सच्या ॲडमिनला) दिसतात, तेव्हा आरसिंक रूट म्हणूनच चालवायचं. दोन मशीनवर युजरची नावं सारखी पण क्रमांक वेगळे असतील तर आरसिंक डीफॉल्टने नावावरून जुळवतं. ‘--न्यूमेरिक-आयडीज’ दिलंत की क्रमांक तसेच नेतं. कुठलं हवं ते आधी ठरवा.

बाहेरच्या हार्ड डिस्कबद्दलही सांगायला हवं, कारण शाखेचा डेटा बॅगेत घालून बसने आणणारे अजून खूप आहेत. बाजारातून आलेली डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असू शकते. एक्सफॅट आणि फॅट३२ मध्ये परमिशन ठेवायला जागाच नाही, तिथे टाकल्या क्षणी त्या गेल्या. डिस्क एनटीएफएस करून घ्या. त्यातही ती दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावून तिथला ॲडमिन सगळं वाचू शकतो. परमिशन म्हणजे कुलूप नाही, तर फाईल मागणाऱ्याला हो-नाही म्हणणाऱ्या विंडोजला दिलेली सूचना आहे. पगाराचा डेटा प्रवास करणार असेल तर डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावा.

आता तुमच्या शेवटच्या रात्रीचा क्रम. पहिली फेरी आठवडाभर आधी, लोक काम करत असतानाच. सव्वा टेराबाइट एका गिगाबिट केबलवरून आदर्श स्थितीत तीन तासांत जायला हवं, पण ड्रॉइंग फोल्डरात लाखभर बारीक फाईली असतील तर वेळ कितीतरी वाढतो. लहान फाईलींत वेळ डेटाला लागत नाही, उघड-मीटला लागतो. पुढच्या फेऱ्यांत फक्त बदललेलं जातं. पावसाळ्यात लाईट जाते-येते, तेव्हा दोन्ही मशीन आणि मधला नेटवर्क स्विचही यूपीएसवर घ्या. स्विच सगळे विसरतात.

शेवटच्या फेरीसाठी सलग सुट्टी बघा. खंडेनवमी आणि दसरा हे दोन दिवस मला सोयीचे वाटतात. कारखान्यात मशीनची पूजा झाली की माणसं घरी जातात, आणि सर्व्हरलाही झेंडूची माळ मिळते (व्हेंटवर घालू नका एवढंच). त्या संध्याकाळी जुन्या सर्व्हरच्या शेअर परमिशन सगळ्यांसाठी ‘रीड’ करा. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘ओपन फाईल्स’ बघा. टॅली सगळीकडे बंद झालीय हे प्रत्येक टेबलावर जाऊन बघा. फोनवर ‘हो, बंद केलं’ म्हणणाऱ्याची टॅली मिनिमाइझ असते. मग शेवटची रोबोकॉपी फेरी, तिचा लॉग, मग जुन्यावर परमिशनचं ताजं सेव्ह, ती फाईल नव्या सर्व्हरवर त्याच जागी आणून ठेवायची, आणि नव्यावर:

आयकॅकल्स ई:\ /सबस्टिट्यूट *जुना-एसआयडी *नवा-एसआयडी /रिस्टोअर सी:\लॉग\परमिशन.टीएक्सटी /सी

जोड्या हव्या तितक्या एकामागून एक देता येतात. आकड्यात लिहिलेल्या एसआयडीच्या आधी चांदणी (*) लागते, ती विसरली तर नाव समजून शोधलं जातं. आणि पथ ई:\ आहे, ई:\डेटा नाही. सेव्ह करताना ‘डी:\डेटा’ दिलं होतं, म्हणून फाईलीतल्या ओळी ‘डेटा’ पासून सुरू होतात, त्यामुळे रिस्टोअर त्याच्या वरच्या पायरीवरून करायचं. इथे चुकलात तर ‘फाईल सापडत नाही’च्या हजारो ओळी येतील, नुकसान होत नाही, फक्त धडकी भरते.

शेअर ही वेगळी गोष्ट आहे, ती यापैकी कशानेही येत नाही. शेअरची नावं आणि त्यांच्या परमिशन रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या ‘शेअर्स’ या की-खाली असतात. ती की एक्सपोर्ट करून नव्यावर नेता येते, पण तुमचा ड्राइव्ह डी चा ई झालाय आणि शेअर परमिशनमध्येही तेच जुने एसआयडी आहेत. पाच शेअरसाठी हा खटाटोप नको. हाताने बनवा, शेअर पातळीवर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला चेंज द्या आणि खरं नियंत्रण एनटीएफएसवर ठेवा. दोन्हींत जे जास्त कडक ते लागू होतं, म्हणून एकाच जागी कडक असावं. दोन्हीकडे वेगवेगळं कडक केलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच उलगडत नाही.

नव्या सर्व्हरला जुन्याचंच नाव द्या, जुन्याचं बदलून घेतल्यावर. मॅप केलेले ड्राइव्ह तर आहेतच, पण एक्सेलच्या फाईली एकमेकींना \\सर्व्हर\अकाउंट्स अशा पथाने जोडलेल्या असतात, आणि त्या कुणाच्या आठवणीत नसतात. पासवर्ड जुन्या मशीनवरून काढून आणता येत नाहीत. वर्कग्रुपमध्ये माणसाच्या पीसीवरचं लॉगिन नाव आणि पासवर्ड सर्व्हरवरच्याशी जुळले की तो न विचारता आत जातो, म्हणून प्रत्येकाचा पासवर्ड त्याच्यासमोरच नव्याने घालून घ्या. काही पीसींवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद अडकलेली असते. ‘सर, उघडंना झालंय बघा’ असा फोन सकाळी आला तर पहिल्यांदा तिथे बघायचं, परमिशनला हात लावायचा नाही.

फाउंड्री आहे म्हणून आणखी एक. स्पेक्ट्रोमीटरचा किंवा सीएनसीचा पीसी अजून एक्सपीवर असेल तर तो नव्या सर्व्हरला जोडलाच जाणार नाही. एक्सपीला फक्त एसएमबी १ (फाईल शेअरिंगच्या भाषेची जुनी आवृत्ती) येतं आणि २०२२ वर ते बसवलेलं नसतं. नव्या सर्व्हरवर एसएमबी १ चालू करू नका. त्या पीसीवरच एक फोल्डर ठेवा आणि मधल्या एखाद्या जुन्या मशीनवरून ठराविक वेळाने रिपोर्ट उचलून सर्व्हरवर टाका.

तपासणी ॲडमिनच्या खात्यातून करू नका, कारण वर सांगितलंच. प्रत्येक ग्रुपमधल्या एका माणसाच्या लॉगिनने बसा आणि दोन गोष्टी बघा: उघडायला हवं ते उघडतंय का, आणि उघडायला नको ते अडतंय का. पहिल्यात चूक राहिली तर दहा मिनिटांत फोन येतो. दुसऱ्यातल्या चुकीचा फोन कधीच येत नाही. ‘मला सगळ्यांचे पगार दिसतायत’ असं कळवणारा स्टाफ मी तरी पाहिलेला नाही. म्हणून वेळ कमी असेल तर दुसरीच तपासणी आधी करा. फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब आहे, तिथे माणसाचं नाव घालून न लॉगिन करताही कळतं, पण पगार आणि अकाउंट्ससाठी प्रत्यक्ष बसूनच बघा. राहिलेले जुने एसआयडी शोधायला ‘आयकॅकल्स ई:\डेटा /फाइंडएसआयडी *जुना-एसआयडी /टी /सी’ एकेका नंबरसाठी चालवा.

डोमेन करावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. बेळगावजवळच्या मच्छ्याला दुसरं युनिट होणार असेल तर होय, करा, पण याच सुट्टीत नाही. एकाच वेळी दोन बदल केलेत तर बिघाड कुठल्यामुळे ते कळणार नाही. आणि फाईल सर्व्हरलाच डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) करू नका. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर, मशीनचे सगळे कोअर मोजले असतील तर, दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. हायपर-व्हीवर (व्हर्च्युअल मशीन चालवायची विंडोजची सोय) एकात कंट्रोलर, दुसऱ्यात फाईली. पुढे कधी डोमेनमधला सर्व्हर बदलायची वेळ आली तर २०१९ पासून आलेली स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस बघा. ती यादी, कॉपी आणि जुन्या सर्व्हरचं नाव-पत्ता नव्याला देणं हे तिन्ही टप्पे विंडोज ॲडमिन सेंटरमधून करते.

जुन्या मशीनचं फॉरमॅट घाईने करू नका. २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, तेव्हा नेटवर्कची वायर काढून ते बाजूला ठेवा, यंदाचं ऑडिट होईपर्यंत. एसआयडीची ती एक्सेल यादी आणि दोन्ही परमिशन फाईली मात्र नव्या सर्व्हरवर ठेवू नका, मालकांकडे द्या. त्यात कोणतं फोल्डर कुणाला उघडतं याचा पुरा नकाशा असतो.